आयत्या बिळातला काटकसरी

दुसऱ्याच्या कष्टावर आरामात बसणाऱ्याला आपण ‘आयत्या बिळावर नागोबा’ असा टोमणा मारतो. टोमणा बाजूला ठेवला तर म्हणीतलं निरीक्षण शंभर नंबरी आहे. नागाला बीळ खोदता येत नाही. पाय नाहीत, नखं नाहीत आणि डोक्याची हाडं इतकी हलकी, इतकी सैल जोडलेली की कडक जमीन उकरायची तर तीच मोडायची. वाळा, मांडूळ, खापरखवल्या अशा थोड्या जाती भुसभुशीत मातीत डोकं खुपसून वाट काढतात. बाकीच्यांना उंदराचं किंवा घुशीचं बीळ, दगडी बांधातली फट, नाहीतर वारूळ गाठावं लागतं. आणि ज्याला आपण मुंग्यांचं वारूळ म्हणतो ते बांधलेलं असतं वाळवीने, तेव्हा तिथेही नागोबा परक्याच्याच घरात. ज्याला खायचं त्याच्याच घरात राहायचं, हा व्यवहार आपल्याला निर्लज्ज वाटतो. हिशेबाने पाहिलं तर त्याच्याइतका पक्का व्यवहार दुसरा नाही: बांधकामाचा खर्च शून्य, आणि घरमालकच जेवणात. सापाचं जवळजवळ सगळं वागणं या हिशेबीपणातून उलगडतं, असं माझं म्हणणं आहे. राग, डूख, कपट, सूड हे शब्द आपण त्याला चिकटवले. तो आहे कवडी कवडी जपणारा काटकसरी, आणि हे नीट समजलं तर तो कधी चावेल, कधी चावणार नाही, याचाही बराच अंदाज येतो.

या काटकसरीचं मूळ शरीरात आहे. माणूस, कुत्रा, उंदीर यांच्या अंगातली भट्टी रात्रंदिवस पेटलेली असते. बाहेर कडाक्याची थंडी असो की वैशाखाचं ऊन, आतलं तापमान अंशभर सरकलं तरी आपण कपाळाला हात लावून बघतो. ही भट्टी पेटती ठेवण्यातच आपल्या खाण्याचा मोठा वाटा जळून जातो. सापाने ती भट्टी ठेवलेलीच नाही. ऊब हवी असेल तर तो सकाळच्या उन्हात येतो, कातळावर पसरतो, दिवसभर तापलेल्या डांबरी रस्त्यावर रात्री येऊन पडतो आणि पुष्कळदा तिथेच गाडीखाली चिरडला जातो. ऊब जास्त झाली की बिळात. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जी ऊर्जा लागते, तिच्या दहाव्या हिश्श्यात त्याचं भागतं. एक जाडजूड उंदीर मिळाला की पुढचे कित्येक दिवस चिंता नाही. मोठा अजगर एका शिकारीवर महिनेच्या महिने काढतो. अजगरांवरच्या अभ्यासांत आणखी एक मजेदार गोष्ट दिसली आहे. उपासाच्या काळात त्याची आतडी आकसून बारीक होतात, आणि घास पोटात गेला की दोन-तीन दिवसांत त्यांचं वजन जवळपास दुप्पट होतं. पचन उरकलं की ती पुन्हा आकसतात. गिऱ्हाईक नसताना दुकानातले दिवेसुद्धा मालवून ठेवणारा वाणी म्हणतात तो हाच.

या व्यवस्थेला एक तोटाही आहे. सापाचे स्नायू एखादा क्षण जबरदस्त जोर लावू शकतात, पण लगेच थकतात. दम म्हणून जो असतो तो त्याच्याकडे नाही. म्हणून पाठलाग करून शिकार दमवणं ही लांडग्याची पद्धत त्याला परवडत नाही, आणि माणसाचा पाठलाग करणं तर मुळीच नाही, कारण माणूस त्याच्या तोंडात मावत नाही. भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतला एकही माणसाला भक्ष्य समजून चालून येत नाही. एखाद्या प्रचंड अजगराची क्वचित ऐकू येणारी गोष्ट वगळू. ‘साप मागे लागला’ असं सांगणारे खोटं बोलतात असं नाही. बहुतेक वेळा साप आपल्या बिळाकडे निघालेला असतो आणि घाबरलेला माणूस नेमका त्याच दिशेला पळत असतो.

पोट भरण्याच्या दोन रीती सापांत ठळक दिसतात आणि दोन्ही आपल्या शेतात शेजारी शेजारी नांदतात. पहिली धामणीची, फिरतीची. सात-आठ फुटांपर्यंत वाढणारी ही सडपातळ, मोठ्या डोळ्यांची बिनविषारी धामण दिवसाउजेडी बांधाबांधाने हिंडते, बिळात डोकावते, उंदीर दिसला की झडप घालून जबड्यात धरते आणि अंगाखाली दाबून गिळते. तिला वेग लागतो म्हणून ती सडसडीत, आणि चाहूल लागताच पसार होणारी. दुसरी रीत घोणशीची. चार-पाच फूट लांब, पण जाड, बोजड अंग; त्रिकोणी डोकं; पाठीवर तपकिरी लंबगोल ठिपक्यांच्या तीन साखळ्या. घोणस उसाच्या पाचटात किंवा भाताच्या पेंढ्यात वेटोळं करून बसते आणि बसूनच राहते, कधी तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस. उंदीर ज्या वाटेने रोज जातो ती वाट तिने जिभेने ओळखलेली असते. सापाची दुभंगलेली जीभ हवेतले आणि जमिनीवरचे गंधकण उचलून टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे पोचवते, आणि जिभेची दोन टोकं वेगळी असल्यामुळे वास डावीकडून जास्त येतो की उजवीकडून, हेही कळतं. उंदीर टप्प्यात आला की सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात दात रुतवून ती मागे होते. मोठा उंदीर तोंडात धरून ठेवला तर तो चावेल, डोळा फोडेल. तो धोका कशाला पत्करायचा? उंदराला जाऊ द्यायचं, विष आपलं काम करेल, आणि मग जीभ लवलवत त्याच्या वासाच्या मागाने सावकाश जायचं. शेवटी तो चार पावलांवर मरून पडलेला सापडतोच.

ही बैठी रीतच घोणशीला माणसासाठी धोक्याची करते. धामण आपली चाहूल लागताच पळते. घोणशीचा सगळा भरवसा न हलण्यावर आणि न दिसण्यावर. तिच्या दृष्टीने पळणं महाग, कारण जड अंग घेऊन उघड्यावर निघालं की घार आणि मुंगूस दोघांनाही ती दिसणार. म्हणून ऊसतोडीला आलेल्या माणसाचं पाऊल हातभर अंतरावर आलं तरी ती जागची हलत नाही. पण चावण्याआधी ती एक गोष्ट करते. फुप्फुसात भरून घेतलेली हवा प्रेशर कुकरच्या शिटीसारखी जोरात, लांबलचक सोडते. दहा-पंधरा फुटांवरून ऐकू येणारी ती फुसकार म्हणजे रागाचा फूत्कार नव्हे. तिचा अर्थ: मी इथे आहे, पाय देऊ नकोस. श्वासाला काही किंमत पडत नाही, विषाला पडते.

असा इशारा देण्यात फुरसे घोणशीच्याही पुढे गेलं आहे. कोकणच्या सड्यावर, जांभ्या कातळातल्या सैल दगडाखाली, जेमतेम दीड फूट लांबीचं हे मातकट पिल्लासारखं जनावर बसलेलं असतं. डोक्यावर बाणाच्या टोकासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी पांढुरकी खूण. दगड उचलला की ते अंगाची एकात एक अडकलेली वेटोळी करतं आणि ती एकमेकांवर उलट-सुलट घासू लागतं. त्याच्या कुशीवरच्या खवल्यांना मधोमध करवतीसारखी दातेरी कड असते. ती एकमेकांवर घासून तापल्या तेलात भजी सोडल्यासारखा चरचर आवाज निघतो. तोंड उघडून फुसकारलं असतं तर काय बिघडलं असतं? अभ्यासकांचा एक तर्क फार पटण्यासारखा आहे. फुरशाचे भाईबंद वाळवंटी, कोरड्या मुलखातले. तिथे प्रत्येक उच्छ्वासाबरोबर अंगातलं पाणी बाहेर जातं. खवले घासून आवाज काढला तर पाण्याचा थेंबही खर्च होत नाही. इशाऱ्यातसुद्धा काटकसर! एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रज सरकारने फुरशांवर बक्षीस लावलं, आणि १८६२ च्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम मोठी असताना आठवड्याभरात लाखाहून जास्त फुरशी मारून आणली गेली. कोकणातला कातळ मात्र फुरशांविना राहिला नाही. थोडक्यात भागवणारा प्राणी एवढ्याशा दगडाखाली संसार करतो, त्याचा नायनाट करणं सोपं नसतं.

नागाचा फणा हा या इशाऱ्यांतला सर्वांत देखणा. मानेतल्या लांब बरगड्या छत्रीच्या काड्यांसारख्या फाकवल्या की सैल कातडी ताणली जाते आणि मूळचा दीड-दोन बोटं रुंद प्राणी हातभर वाटू लागतो. नागाला विषावर गुजराण करायची आहे, मारामारीवर नाही, म्हणून तो आधी मोठा दिसून काम भागतं का ते पाहतो. नाही भागलं तर फुसकारतो. तरी नाही भागलं तर पुष्कळदा तोंड मिटूनच पुढे झेपावतो, नुसती धडक देतो. पुंगीपुढे जे ‘डोलणं’ दिसतं तेही हेच. सापाला बाहेरचा कान नाही. तो पूर्ण बहिरा नसतो, जमिनीतले हादरे आणि हवेतले खर्जातले काही आवाज त्याला कळतात, पण गारुड्याच्या सुरावटीशी त्याला कर्तव्य नसतं. समोर डावी-उजवीकडे हलणाऱ्या पुंगीच्या भोपळ्यावर डोळा ठेवून तो सावध बसलेला असतो. प्रेक्षकांना तो रंगात आल्यासारखा दिसतो; खरं तर त्या बिचाऱ्याला टोपलीतून सुटायचं असतं.

आता विषाबद्दल. विष म्हणजे मुळात शिकारीचं हत्यार, लाळेच्या जातीच्या ग्रंथींतून निघणारी प्रथिनांची सरबत्ती. नाग आणि मण्यार यांचं विष प्रामुख्याने मज्जातंतूंचा स्नायूंशी होणारा संवाद तोडतं: पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घोणस आणि फुरसे रक्तावर घाला घालतात. रक्त गोठवणारी द्रव्यं त्यांच्या विषामुळे संपून जातात आणि मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त थांबेनासं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातही याची एक साधी तपासणी करता येते. रुग्णाचं थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग नळी एकदा तिरपी करायची. निरोगी रक्ताचा गोळा जागेवर राहतो. घोणस चावलेल्या माणसाचं रक्त पाण्यासारखं ओघळतं. उंदराला काही मिनिटांत लोळवण्यासाठी घडलेलं हे द्रव्य माणसावर वाया घालवण्यात सापाचा फायदा शून्य आहे. अनेक चावे ‘कोरडे’ असतात, म्हणजे दात लागतात पण विष उतरत नाही, ते त्यामुळेच असं म्हणायचा मोह होतो. इथे मात्र जपून बोललं पाहिजे. साप विष मोजूनमापून सोडतो की तो निव्वळ घाईगडबडीत नेम चुकण्याचा प्रकार असतो, यावर तज्ज्ञांत वाद आहे. नवं विष तयार करायला ऊर्जा किती लागते, यावरही आहे. काही प्रयोगांत तो खर्च बराच निघाला, काहींत किरकोळ. माझा मुद्दा ऊर्जेच्या आकड्यावर उभा नाही. ग्रंथी रिकामी झाली की ती पूर्ववत भरायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस साप निःशस्त्र राहतो. काटकसर कॅलरीची नसेल, वेळेची नक्कीच आहे. अर्थात कोरड्या चाव्याच्या आशेवर कोणी घरी बसू नये. चावा कोरडा होता, हे डॉक्टरांनी कित्येक तास देखरेखीखाली ठेवून ठरवायचं असतं.

इतकं सगळं ऐकल्यावर मण्यारचं नाव काढून कोणीही मला अडवेल, आणि ते योग्यच आहे. मण्यार इशारा देत नाही. फणा नाही, फुसकार नाही, चरचर नाही. माणूस गोधडीत गाढ झोपलेला, त्याने काही केलेलं नाही, आणि तरी मण्यार चावतो. इथे काटकसर कुठे गेली? आधी त्याचा दिनक्रम पाहू. काळानिळा, गुळगुळीत, चकाकणारा हा साप दिवसा इतका मवाळ असतो की डिवचला तर वेटोळ्यात डोकं लपवतो. त्याचा धंदा रात्रीचा. दुसरे साप, पाली, सरडे, उंदीर शोधत तो भिंतीच्या कडेकडेने फिरतो, दाराखालच्या फटीतून घरात येतो, जमिनीवरच्या अंथरुणात शिरतो. झोपलेला माणूस कूस बदलतो, हात त्याच्या अंगावर पडतो आणि अंधारात, अंथरुणाच्या घडीत दबलेला साप चावतो. इशारा द्यायला समोर कोणी उभं तर हवं. एका जागी बसून राहणाऱ्या घोणशीला मोठा आवाज परवडतो. रात्री चोरपावलांनी शिकार करणाऱ्याने आवाज केला तर त्याचं भक्ष्यच पळेल. तरीही एक कबुली द्यायला हवी. मण्यारचे काही चावे या स्पष्टीकरणात गुळगुळीत बसत नाहीत, आणि अंथरुणात दबणं हे प्रत्येक वेळी कारण असेलच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण त्याचा धोका त्याच्या स्वभावात कमी आणि त्याच्या दातात जास्त आहे. दात बारीक, चावा जवळजवळ न दुखणारा. मुंगी चावली की डास, असं वाटून माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळा येतात, घशात अडकल्यासारखं होतं, पापण्या जड होतात आणि घरचे म्हणतात पित्त झालं असेल. तास निघून जातात ते इथे. या मण्यारचा बिनविषारी तोतयाही घराघरांत आहे: कवड्या. फरक सांगायचा तर कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचे मानेच्या बरेच मागे सुरू होऊन शेपटीकडे जास्त ठसठशीत होतात आणि बहुधा जोडीजोडीने असतात. पण रात्री बॅटरीच्या उजेडात हा फरक पाहत बसू नये, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप जुना आणि चिवट: डूख. नाग मारला तर नागीण मारणाऱ्याचा चेहरा डोळ्यांत साठवते आणि सूड घेते, ही समजूत हिंदी सिनेमाच्या आधीची आहे. सिनेमाने तिला गाणी दिली एवढंच. मुळात नाग-नागिणीचा संसार नसतो. मीलनाचे दिवस सरले की नर आपल्या वाटेने जातो. मेलेल्याची आठवण ठेवून त्याच्या मारेकऱ्याला शोधत जाणं म्हणजे, जो प्राणी उंदरामागेसुद्धा विनाकारण धावत नाही, त्याने न खाता येणाऱ्या दोन पायांच्या प्राण्यामागे वेळ आणि जीव घालवणं. साप शिकू शकतो, जागा लक्षात ठेवतो, ओळखीच्या बिळाकडे परत येतो, हे खरं आहे. माणसांवर वैर धरतो याचा एकही पुरावा नाही. मग साप मारला त्याच जागी दुसऱ्या दिवशी दुसरा साप दिसतो तो कसा? असं होतं, आणि ज्यांनी पाहिलं ते थापा मारत नाहीत. कारण दुसरं आहे. मरताना सापाच्या शेपटीच्या बुडातल्या ग्रंथींतून उग्र वासाचं द्रव्य सांडतं, आणि मीलनाच्या काळात मादीच्या गंधावर नर दूरवरून येतात. त्याहून साधं कारण असं की ज्या उंदरांसाठी पहिला साप तिथे आला होता, ते उंदीर तिथेच आहेत. सूडाची गोष्ट सांगणाऱ्या घराच्या माळ्यावर धान्याची पोती असतात, हे सहसा गोष्टीत येत नाही.

साप हात सैल सोडतो तो एकाच बाबतीत, वंशाच्या. आणि तिथेही हिशेब सुटत नाहीच. दोन धामणी अर्ध्या अंगाने उभ्या राहून एकमेकींना पीळ घालताना दिसल्या की लोक हात जोडतात, वर पांढरं कापड टाकायला धावतात. नाग आणि धामण जुगले असंही सांगतात. प्रत्यक्षात ते दोन नर असतात, दोघेही धामणच, आणि चाललेली असते कुस्ती. जो दुसऱ्याचं डोकं जमिनीला लावेल त्याची जीत. हरलेला निघून जातो. कोणी कोणाला चावत नाही, जखम नाही, वैर नाही. नागाची मादी अंडी घालून त्यांच्याजवळ राहते, पश्चिम घाटातला नागराज तर पालापाचोळा वेटोळ्याने ओढून अंड्यांसाठी चक्क घरटं रचतो. असं घरटं बांधणारा साप दुसरा नाही. घोणस अंडी पोटातच वाढवते आणि पावसाळ्याच्या तोंडाला एकदम वीस-तीस, कधी त्याहून कितीतरी जास्त जिवंत पिल्लं सोडते, पहिल्या दिवसापासून विषारी. मिरगाच्या सरींबरोबर घोणशी जास्त दिसू लागतात त्या यामुळे. आणि कुंडीतल्या मातीत सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा म्हणजे काटकसरीची हद्दच झाली. या जातीत नर आढळतच नाहीत. सगळ्या माद्या, आणि नराविनाच त्यांचा वंश चालतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण त्यात प्रेतं आहेत. साप इतका चावा टाळणारा असेल तर भारतात दर वर्षी सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने का मरतात? २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासातून निघाला. आकडा भयानक आहे, पण तो सापाच्या स्वभावाविषयी काय सांगतो, ते नीट पाहायला हवं. ऑस्ट्रेलियात जगातले अतिजहाल विषाचे साप आहेत आणि तिथे वर्षाला सरासरी दोनेक माणसं सर्पदंशाने दगावतात. लोकसंख्येचा फरक धरूनही हे अंतर विषाने किंवा रागाने भरून निघत नाही. ते पायातल्या बुटांनी, पक्क्या घरांनी आणि दवाखान्यापर्यंतच्या रस्त्याने भरून निघतं. आपल्याकडे कोट्यवधी माणसं अनवाणी चिखलात भात लावतात, हातांनी पेंढा उचलतात, जमिनीवर झोपतात. याच अभ्यासात जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दिसले. पाऊस पडतो, बिळांत पाणी शिरतं, उंदीर आणि बेडूक वर येतात, साप वर येतात, आणि त्याच वेळी शेतकरी शेतात असतो. रोज लाखो वेळा माणूस आणि साप हातभर अंतरावरून एकमेकांना ओलांडून जातात. बहुतेकदा माणसाला पत्ताही लागत नाही. चावे होतात ते या असंख्य भेटींतल्या अगदी थोड्या भेटींत. आणि चाव्यापासून मृत्यूपर्यंतचं अंतर साप कापत नाही. ते कापतो मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेला वेळ, करकचून बांधलेली दोरी, ब्लेडने मारलेली चीर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. त्यातला ‘दुर्लक्षित’ हा शब्द अगदी अचूक आहे, कारण मरतात ते गरीब आणि शेतात राबणारे.

सापाची काटकसर एकदा मनावर घेतली की करायच्या गोष्टी आपोआप ठरतात. साप तुमच्या घरी उंदरासाठी आणि आयत्या बिळासाठी येतो, तेव्हा धान्य बंद पिंपात ठेवा, भिंतीला लागून रचलेली लाकडं, विटा, गोवऱ्या दूर हलवा, भिंतीतली भोकं लिंपा. बैठा साप हलत नाही, तेव्हा पेंढ्यात, पाचटात, दगडाखाली हात घालण्याआधी काठी घाला, आणि रात्री परसात जाताना बॅटरी न्या. शक्यतो खाटेवर झोपा. जमिनीवर झोपणं भाग असेल तर मच्छरदाणी लावून तिची कड अंथरुणाखाली चहूबाजूंनी नीट खोचा. नेपाळच्या दक्षिणेकडच्या गावांत झालेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश फारच कमी झाल्याचं दिसलं आहे. चावाच झाला तर चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, अंगठ्या-पैंजण काढा, रुग्णाला चालवू नका. साप मारून किंवा पकडून सोबत नेण्यात वेळ घालवू नका, कारण आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रच चालतं. १०८ ला फोन लावा, किंवा मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवा, आणि प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. ते कुठलं, हे आजच विचारून ठेवा.